डोळ्यात टोचायचं हायड्रोजेल: सुईत आधीच गोठतं, औषध मात्र तीन दिवसांत संपतं

रेटिना_नवखा

नमस्कार मंडळी. मधुमेहामुळे पडद्याला सूज आली की बेव्हॅसिझुमॅबचं (सूज आणणाऱ्या व्हीईजीएफ प्रथिनाला बांधणारी अँटिबॉडी) इंजेक्शन महिन्या-दीड महिन्याने पुन्हा घ्यावं लागतं. हे अंतर तीन महिन्यांवर नेता येईल का, हा एम.फार्म.च्या प्रकल्पाचा विषय आहे. डोळ्यात द्रव म्हणून जाईल आणि आत गोठेल असं जेल हवंय. सध्याची कृती:

द्रावण अ: थायॉल (गंधकाचा गट) जोडलेलं हायलुरोनिक अॅसिड, २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली., पीएच ७.४ च्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर). थायॉलचं प्रमाण विकणाऱ्याच्या कागदावर ०.३ मिलिमोल प्रति ग्रॅम असं दिलंय.

द्रावण ब: चार हातांचं पेग-मॅलिमाइड (पेग हा पॉलिमर, टोकांचं मॅलिमाइड थायॉलला चिकटून गाठ मारतं), १० किलोडाल्टन, १५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. त्यातच बेव्हॅसिझुमॅब २५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. कुपीतलं औषध ३० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरवर धुऊन आधी पीबीएसमध्ये आणतो.

दोन्ही सम प्रमाणात पिपेटने ढवळून १ मि.ली.च्या सिरिंजमध्ये भरतो, सुई ३० गेजची.

अडचणी तीन. पहिली, मिश्रण वीसेक सेकंदांत गोठतं. सुई तुंबते, नाहीतर शेवयांसारखे तुकडे बाहेर पडतात. दुसरी, ५० मायक्रोलिटरचा थेंब १ मि.ली. पीबीएसमध्ये ३७ अंशांवर ठेवला तर तीन दिवसांत ९० टक्के औषध बाहेर येतं. तिसरी, बीसीए या प्रथिन मोजायच्या चाचणीत काही नळ्यांमध्ये एकूण औषध ११५-१२० टक्के भरतं, ते कसं काय?

गाइड म्हणतात पॉलिमर दुप्पट कर. एक सीनियर म्हणतो हे सगळं सोड आणि १८ टक्के पोलोक्सॅमर ४०७ घे, गार असताना टोच, आत आपोआप गोठेल. काय करू?

---

क्रॉसलिंकर

आधी सुईचं बघू, ते सोपं आहे.

थायॉल-मॅलिमाइड अभिक्रियेत खरं काम थायोलेट आयन (प्रोटॉन सोडलेलं थायॉल) करतो. थायॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं थायॉल थायोलेट होतं तो) आठच्या पुढे असतो, त्यामुळे पीएच एक अंकाने खाली आणला की थायोलेट जवळपास दहापट कमी होतो आणि गोठायचा वेळ तितकाच लांबतो. ७.४ ला वीस सेकंद लागत असतील तर ६.४ ला तीन मिनिटं लागतील. यासाठी पॉलिमर बदलायची गरज नाही.

आता गंमत बघा. बेव्हॅसिझुमॅबच्या मूळ ब्रँडची कुपी पीएच ६.२ लाच असते. सुमारे ५० मिलिमोलर फॉस्फेट, ट्रेहॅलोज आणि थोडं पॉलिसॉर्बेट २० हे तिचं माध्यम. ते धुऊन तुम्ही ७.४ चं पीबीएस घातलंत, म्हणजे फुकट मिळालेला ब्रेक काढून ठेवलात. धुणं बंद करा. पेग-मॅलिमाइड थेट कुपीतल्या द्रावणात विरघळवा. अ द्रावण ५ मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ६.४ मध्ये करा आणि मीठ घालून ऑस्मोलॅलिटी २९० च्या आसपास आणा. मिसळल्यावर पीएच ६.२-६.३ येईल आणि चारेक मिनिटं हातात राहतील. कमी-जास्त करायचं असेल तर फक्त अ चा बफर हलवायचा. बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीची त्याच औषधाची आवृत्ती) वापरत असाल तर त्याच्या कागदावरचा पीएच आधी वाचा, सगळ्यांचा सारखा असेलच असं नाही.

कमी पीएचचा आणखी एक फायदा आहे. मॅलिमाइड ७.५ च्या वर गेलं की पाण्यातच फुटायला लागतं आणि अँटिबॉडीच्या लायसिनलाही हात घालू लागतं. ६.२ ला दोन्ही मंद असतं. तरी ब द्रावण रोज ताजं करा आणि तासाभरात वापरा.

आता गणित. मिसळल्यावर हायलुरोनिक १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली., म्हणजे थायॉल ३ मायक्रोमोल. चार हातांचं १० किलोडाल्टन पेग म्हणजे मि.ग्रॅ.ला ०.४ मायक्रोमोल मॅलिमाइड, तुमचं ७.५ मि.ग्रॅ. म्हणजे तेही ३. कागदावर हिशेब चोख आहे. पण थायॉल हवेत पडून राहिलं की आपसात डायसल्फाइड बनवतं. बाटली दोनदा उघडून फ्रीजमध्ये ठेवली असेल तर ०.३ चं ०.२ सहज झालेलं असतं. मग एक तृतीयांश मॅलिमाइड मोकळं राहतं आणि ते डोळ्यातल्या ग्लुटाथायोनला, प्रथिनांना चिकटत बसेल. म्हणून प्रत्येक बॅचला मोकळं थायॉल मोजणारी एलमनची चाचणी करायची, ४१२ नॅनोमीटरला वाचायची आणि आलेल्या आकड्यावर पेग मोजायचं. विकणाऱ्याच्या कागदावर नाही.

शेवया येतात त्या पिपेटच्या ढवळण्यामुळे. हायलुरोनिक घट्ट आणि पेग पातळ, त्यामुळे सीमेवर आधी गोठतं आणि आत द्रवाचे कप्पे राहतात. दोन ल्युअर-लॉक सिरिंजा मादी-मादी जोडणीने जोडा, बर्फावर ठेवा आणि दहा-बारा वेळा इकडून तिकडे ढकला. दोन नळ्यांच्या सिरिंजला लावायचा स्टॅटिक मिक्सर इथे परवडत नाही, कारण ५० मायक्रोलिटरच्या डोससाठी त्यातच काही पट माल अडकतो. शेवटी सिरिंज उभी धरून बुडबुडे काढा. डोळ्यात गेलेला बुडबुडा रुग्णाला काळा गोळा होऊन दिसत राहतो.

गेजबद्दल: ३० गेजची आतली वाट सुमारे ०.१६ मि.मी., २७ ची ०.२१. जोर व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे ३० ला तिप्पट. पॉलिमर दुप्पट केलंत तर हायलुरोनिकची घट्टता दुपटीच्या कितीतरी पुढे जाते आणि अंगठ्याने दाबणं कठीण होतं. गाइडना नम्रपणे नाही म्हणा.

---

प्रोटीन_पिपेट

गाइडना नाही म्हणायला आणखी एक कारण देतो: त्याने औषध अडणारच नाही.

अँटिबॉडीचा व्यास साधारण १०-११ नॅनोमीटर. पावणेदोन टक्के घन असलेल्या जेलची जाळी त्याहून मोठी असते. मासा लहान, जाळं विरळ. ५० मायक्रोलिटरचा गोल थेंब धरला तर त्रिज्या २.३ मि.मी. ३७ अंशांना पाण्यात अँटिबॉडीचा विसरण गुणांक साधारण ६ × १०⁻⁷ चौ. सें.मी. प्रति सेकंद. या हिशेबाने जाळी नसतीच तर ९० टक्के औषध साडेचार तासांत बाहेर आलं असतं. तुम्हाला ७२ तास लागले, म्हणजे जेलने वेग सोळा पटींनी कमी केलाय. वाईट नाही! पण ९० दिवस हवे असतील तर पाण्याच्या तुलनेत जवळपास पाचशे पट कमी लागेल. त्यासाठी जाळी अँटिबॉडीइतकीच करावी लागते. घन १५-२० टक्क्यांवर जातं, सुईतून जात नाही, गेलं तर फुगतं, आणि उरलेलं औषध जेल फुटताना एकदम सुटतं.

म्हणून निव्वळ जाळीच्या भरवशावर मोठं प्रथिन महिनोन्महिने धरता येत नाही. वेग ठरवणारी दुसरी काहीतरी पायरी हवी. एक रस्ता म्हणजे औषध हळूहळू तुटणाऱ्या दुव्याने पॉलिमरला बांधणं. दुसरा, औषध आधी सूक्ष्मकणांत भरून ते कण जेलमध्ये अडकवणं. कण मायक्रोमीटरचा असला की जाळीतून निसटायचा प्रश्न उरत नाही, जेलचं काम फक्त कण एका जागी ठेवायचं. पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे कण घेतलेत तर आत आम्ल साठतं आणि अँटिबॉडीचे गोळे बनतात, त्याची तयारी ठेवा.

तिसरा रस्ता औषधच बदलायचा. अॅक्सिटिनिबचं उदाहरण बघा. हा लहान रेणू पाण्यात जेमतेम विरघळतो. त्याचे स्फटिक पेगच्या जेलमध्ये अडकवले की जेलला ते नुसते धरून ठेवायचे असतात, वेग विरघळण्यावर ठरतो. अॅक्सपॅक्सली नावाने हे जेल तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं ते या जोरावर. आणि ते द्रव म्हणून टोचत नाहीत! बाहेरच गोठवून, वाळवून बारीक धागा करतात, सुईतून कोरडाच सोडतात, तो आत पाणी पिऊन फुगतो. त्याच घराण्यातलं डेक्स्टेन्झा, अश्रुनलिकेत बसवायचं, ०.४ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोनचं आणि महिनाभर चालणारं, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तेही कोरडंच घालतात. ज्यांना यश आलं त्यांनी सुईत गोठण्याचा प्रश्न सोडवला नाही, टाळला. प्रकल्पाला वेळ उरला असेल तर विचार करा.

आता डोस. औषध २५ चं, सम प्रमाणात मिसळून १२.५, ५० मायक्रोलिटरमध्ये ०.६२५ मि.ग्रॅ. नेहमीचा डोस १.२५. म्हणजे निम्मंच औषध घालून तिप्पट दिवसांची अपेक्षा आहे. हळू सुटणाऱ्या औषधाला एकूण मात्रा कमी पुरते हे खरं. रॅनिबिझुमॅब या त्याच कामाच्या औषधाच्या, डोळ्यात बसवायच्या टाकीत १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चे २० मायक्रोलिटर भरतात, म्हणजे २ मि.ग्रॅ. २४ आठवड्यांना, तर दरमहा इंजेक्शनने सहा महिन्यांत ३ मि.ग्रॅ. जातं. पण कमी पुरतं ते सोडणं संथ असेल तरच. औषध गाढ करायचं ठरवलंत तर ध्यानात असू द्या की पॉलिसॉर्बेटचे मायसेल (रेणूंचे पुंजके) ३० किलोडाल्टनच्या फिल्टरवर अडतात आणि औषधाबरोबर तेही गाढ होतात.

बीसीए: तांब्याचं क्षपण मोजणारी चाचणी आहे, मोकळं थायॉलही तेच करतं. तुमचे ११५ टक्के तिथून आले असावेत. औषध नसलेलं जेल समांतर लावा आणि वजा करा, किंवा बीसीए सोडून एसईसी-एचपीएलसी (रेणू आकारानुसार वेगळे करून मोजायची पद्धत) करा. त्यात एकसंध रेणू आणि गोळे वेगळे दिसतात. शेवटी औषध व्हीईजीएफला बांधतं का हे मोजणारी एलायझा चाचणी हवीच, कारण बाहेर आलेलं प्रथिन जिवंत आहे का हे एसईसी सांगत नाही. एक सापळा: जंतू वाढू नयेत म्हणून पीबीएसमध्ये सोडियम अझाइड घालतात, ते एलायझातल्या पेरॉक्सिडेजला मारतं. नमुना हजार पट पातळ केला तर चालतं, नाहीतर सगळीकडे शून्य येईल आणि औषध मेलं असं वाटेल.

याशिवाय जेलशिवाय नुसतं औषध त्याच नळीत, त्याच ३७ अंशांवर, तितकेच दिवस ठेवा. नळीला चिकटून किती गेलं ते कळतं. शेवटच्या दिवशी उरलेलं जेल हायलुरोनिडेजने (हायलुरोनिक तोडणारं एन्झाइम) विरघळवून आतलं औषध मोजा. बेरीज ९० ते ११० टक्क्यांत बसली नाही तर आलेख काढू नका.

---

पडदेवाला

बाहेरच्या नळीतलं बरंच झालं, आता डोळ्याच्या बाजूने.

माणसाच्या डोळ्यात व्हिट्रियस (आतला पारदर्शक गर) साधारण ४ मि.ली. नेहमीचं इंजेक्शन ५० मायक्रोलिटर, १०० ही वरची मर्यादा समजा, तेवढ्याने दाब चढतो. बुबुळाच्या कडेपासून ४ मि.मी. मागे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर ३.५. ३० गेजची सुई तिथून काढली की छिद्र आपोआप मिटतं. २५ गेजचंही चालवून घेतात, पण ती तिरकी घालावी लागते आणि काढताना जेलची शेपटी छिद्रात अडकली तर बाहेरच्या जंतूंना आत शिरायला दिव्यासारखी वातच मिळते. तुमच्या शेवया इथे नुसत्या कुरूप नाहीत, धोक्याच्या आहेत. दाब सोडल्यावर सुई पाच-दहा सेकंद आत ठेवून मग काढायची सवय जेलला तरी लावाच.

क्रॉसलिंकर यांच्या चार मिनिटांना हरकत नाही, त्याहून लांबवू नका. तरुण डोळ्यात व्हिट्रियस स्वतःच जेल असतं, थेंब जागेवर राहतो. साठीच्या मधुमेही रुग्णात ते पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, आणि व्हिट्रेक्टमी (व्हिट्रियस काढायचं ऑपरेशन) झाली असेल तर आत निव्वळ पाणीच. तिथे हळू गोठणारं द्रावण पसरतं आणि पापुद्र्यासारखं काहीतरी तयार होतं. सुई खालच्या चतुर्थांशात घाला, जेल पाण्यापेक्षा जरासं जड असेल तर नजरेच्या रेषेखाली बसतं. भिंगाचं मागचं आवरण फाटलेल्या डोळ्यात अशी वस्तू पुढच्या कप्प्यात येऊन कॉर्नियाला सूज आणते. डेक्सामेथासोनच्या ओझुरडेक्स कांडीबाबत हेच झालं, म्हणून अशा डोळ्यात ती वर्ज्य आहे.

पोलोक्सॅमरबद्दल सीनियरना सांगा: १८ टक्के पोलोक्सॅमर ४०७ गोठतं ते मायसेल दाटीने बसल्यामुळे, रासायनिक गाठी नसतात. आजूबाजूच्या पाण्याने प्रमाण पंधरा-सोळा टक्क्यांखाली आलं की पुन्हा द्रव. महिने सोडा, आठवडाही टिकणार नाही. शिवाय सशांच्या व्हिट्रियसमध्ये सोडल्यावर पडद्याला इजा झाल्याचं १९९० मध्येच छापून आलंय. थेंब म्हणून डोळ्याच्या वरून घालायला ठीक आहे, आत नको.

फुगण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मिराजेल हे नाव शोधा. पडदा सुटल्यावर डोळ्याला बाहेरून आधार द्यायची हायड्रोजेलची पट्टी, १९८० च्या दशकात वापरात होती. मऊ, डोळ्याला न बोचणारी, सगळ्यांना आवडलेली. मग वर्षानुवर्षांनी पॉलिमरचं जलविघटन होऊन ती फुगायला लागली. डोळा हलेना, काही ठिकाणी गाठ समजून तपासण्या झाल्या, आणि काढायला गेलं तर चिमट्यात भुगा. १९९० च्या दशकात विक्री थांबली, रुग्ण त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिले. सहा महिन्यांच्या ससा-अभ्यासात हे दिसलं नसतं.

तुमचा ५० मायक्रोलिटरचा थेंब दुप्पट फुगला तरी हळूहळू फुगत असेल तर दाबाचा प्रश्न नाही, डोळ्यातलं पाणी मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटरने बदलत असतं. भीती आहे ती फुटताना सुटणाऱ्या तुकड्यांची, ते निचऱ्याच्या जाळीत अडकले तर काचबिंदू. म्हणून जेलच्या फुगण्याचा आलेख औषध संपेपर्यंत नाही, जेल संपेपर्यंत काढा. हायलुरोनिक आणि पेगमध्ये थायोईथर बंध आहे, तो सहज तुटत नाही. तुमचं जेल नेमकं कशाने संपणार, याचं उत्तर तोंडी परीक्षेआधी हवं. घन कमी ठेवणं इथे उपयोगी पडतं: २०१७ मध्ये जपानी गटाने पूर्ण व्हिट्रियसच्या जागी भरायला जे पेगचं जेल दाखवलं त्यात लिटरला फक्त ४ ग्रॅम पॉलिमर होतं, आणि ते फारसं फुगत नाही याचं मुख्य कारण तेच.

---

रेटिना_नवखा

खूप आभार सगळ्यांचे. एलमन केली, ०.२१ आलं 🙂 धुणं बंद केलं, पेग त्या आकड्यावर मोजलं, अ ६.४ ला. आता मिश्रण चार मिनिटं द्रव राहतं, ३० गेजमधून सलग जातं. जेल पूर्वीपेक्षा मऊ झालंय, ते चालेल?

पुढे सशांवर जायचं तर काय जमवू? आणि स्वस्तात उंदीर चालतील का?

---

प्रोटीन_पिपेट

उंदीर नको. बेव्हॅसिझुमॅब उंदराच्या व्हीईजीएफला जवळजवळ ओळखतच नाही, परिणाम शून्य दिसेल आणि दोष जेलवर येईल. शिवाय त्या डोळ्यात दोन मायक्रोलिटरच्या वर काही मावत नाही.

सशात व्हिट्रियस दीड मि.ली.च्या आसपास आणि भिंग अवाढव्य, सुई मागे तिरकी धरली नाही तर भिंगातच जाते. नुसत्या बेव्हॅसिझुमॅबचं अर्धायुष्य तिथे साडेचार दिवसांच्या आत आहे, माणसात सात ते दहा. तुलना नेहमी सशातल्याच नुसत्या औषधाशी करा. मोठा घोळ दोन-तीन आठवड्यांनी होतो: मानवी प्रथिनाविरुद्ध सशाच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, डोळा लाल होतो, औषधाची पातळी एकदम कोसळते. ते जेलचं अपयश समजून लोक कृती बदलत बसतात. रक्तात ती प्रतिपिंडं मोजा आणि औषधाविना जेलचा गट ठेवा. एका सशाचा एकच डोळा.

---

क्रॉसलिंकर

मऊ चालेल. खरं व्हिट्रियस काही पास्कलचंच असतं, तुमचं शेकड्यात असेल तरी पुष्कळ झालं. रिओमीटरवर मोजताना कडेला खनिज तेल लावा, नाहीतर वाळून घट्ट झालेलं जेल मोजाल.

सशाआधी खाटकाकडून बकऱ्याचे ताजे डोळे आणा, चार-पाच तासांच्या आतले. जेलमध्ये चिमूटभर फ्लुओरेसिन-डेक्स्ट्रान घाला, ३७ अंशांवर गरम केलेल्या डोळ्यात टोचा, अर्ध्या तासाने कोरड्या बर्फावर गोठवून मधोमध कापा. थेंब गोल बसला, पसरला की सुईच्या मार्गात शेपूट राहिली, एका नजरेत कळतं. दहा डोळे झाले की हात बसतो, आणि त्याला परवानगीची वाट बघावी लागत नाही. सशांसाठी मात्र संस्थेची प्राणी नैतिकता समिती आणि सीसीएसईए, म्हणजे पूर्वीचं सीपीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती), हे आजच सुरू करा.

निर्जंतुकीकरण: दोन्ही द्रावणं वेगवेगळी ०.२२ मायक्रोमीटरमधून गाळा, मग मिसळा. हायलुरोनिक दहा लाख डाल्टनचं असेल तर २० मि.ग्रॅ.ला फिल्टर जॅम होणार. ऑटोक्लेव्ह आणि गॅमा दोन्ही साखळ्या तोडतात. पातळ करून गाळा आणि निर्जंतुक लायोफिलाइज करा (गोठवून वाळवा), किंवा दोन लाखांच्या आतलं पॉलिमर घ्या. गाळण्याने जंतू जातात, एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) जात नाही. डोळ्याच्या आत सोडायच्या व्हिस्कोइलॅस्टिक द्रवांना अमेरिकेत ०.२ युनिट प्रति मि.ली. ही मर्यादा धरतात, तुम्हीही तीच धरा. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल चाचणीला घट्ट नमुना देऊ नका, पातळ करा आणि ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते परत पूर्ण मोजलं जातं का हे आधी बघा.

---

पडदेवाला

एक राहिलं. सिरिंज सिलिकॉनरहित घ्या. इन्सुलिनच्या साध्या सिरिंजमधलं वंगण डोळ्यात थेंब होऊन तरंगतं, आणि घट्ट जेल ढकलताना जोर जास्त लागतो म्हणून ते जास्तच सुटतं. सुईच्या मुळाशी अडकणारा मालही मोजा: सुई लावून सिरिंज वजन करा, टोचा, पुन्हा वजन करा. नेमके किती मायक्रोलिटर गेले ते तराजू सांगेल, सिरिंजवरच्या रेघा नाहीत.